तात्यांच्या टेम्पोचा पडदा

केजच्या आमच्या कॉलेजच्या गेटासमोर, रस्त्यापलीकडे, एक कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्या बुंध्यावर एका जागी साल घासून गुळगुळीत झाली आहे. ती जागा तात्यांच्या पाठीची. आम्ही आत वर्गात असेपर्यंत ते तिथे बसून असायचे. पांढरी टोपी, मळखाऊ धोतर, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत काय असतं हे आम्हाला कधी कळलं नाही. झोप लागली तरी त्यांचं तोंड गेटाकडेच असायचं.

त्यांच्याबद्दल लिहू की नको, असं मला बरेच दिवस वाटत होतं. तात्या थोर होते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी थोरल्या मुलीचं, आशाचं, लग्न दहावीच्या आधीच लावून दिलं होतं. धाकटी कोमल माझ्या वर्गात. तिच्या हातात त्यांनी मोबाईल दिला नाही, गॅदरिंगच्या नाटकात तिला घेतलं तेव्हा स्वतः येऊन तिचं नाव काढायला लावलं. मी त्यांची मुलगी असते तर त्यांच्यावर रागावून बसले असते. पण मी शेजारची. आणि आज मी जे चार शब्द लिहिते आहे ते त्यांच्या टेम्पोत बसून शिकले, हेही तितकंच खरं.

आमची वाडी केजच्या रस्त्यापासून आत आहे. मध्ये ओढा. ओढ्यावरची फरशी, म्हणजे आमचा बुटका पूल, एका पावसाळ्यात वाहून गेली आणि एसटी यायची बंद झाली. उरल्या जीपगाड्या. त्या अण्णांच्या पुतण्याच्या. अण्णा म्हणजे आमच्या गावचे पुढारी. सरपंच कोणीही असो, शब्द अण्णांचा. जीपमध्ये माणसं माणसाला चिकटून, दारांना लोंबकळून जायची. तात्यांनी एकदाच ते पाहिलं आणि घरी येऊन म्हणाले, "पोरीच्या जातीनं यात बसायचं? मी मेलो तरी बसू देणार न्हाई."

आम्हाला वाटलं, कोमलचं कॉलेज संपलं. पण तात्यांकडे दूध डेअरीला न्यायचा एक जुना टेम्पो होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या हौद्यात कॅनच्या बाजूला फळी टाकली, वर ताडपत्री ताणली, आणि मागच्या बाजूला गयाकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, जुन्या हिरव्या लुगड्याचा पडदा लावला. बाहेरून आतलं काही दिसू नये म्हणून. कोमल आत बसली. मग माझी चुलती माझा हात धरून तिथे आली. माझे आईबाप ऊसतोडीला गेलेले, मी चुलतीकडे राहायची. ती म्हणाली, "तात्या, हिलाबी न्या. तुमच्या पडद्यात असली म्हंजे मला घोर न्हाई."

मग एकेक करत वाडीतल्या कॉलेजच्या सगळ्या मुली त्या पडद्याआड आल्या. ज्या घरांनी मुलींना जीपमध्ये कधी बसू दिलं नसतं, त्यांनी तात्यांवर सोडल्या. कारण गावात तात्यांइतका जुन्या वळणाचा माणूस दुसरा नव्हता. आमचं कॉलेज त्या लुगड्याच्या एका पडद्यावर उभं होतं. टेम्पो थांबला असता तर आम्ही घरी बसलो असतो, आणि घरी बसलेल्या मुलीचं आमच्याकडे पुढे काय होतं ते सांगायला नको.

तात्यांचे नियम ठरलेले. पुढच्या, त्यांच्या शेजारच्या शीटवर कोणी बसायचं नाही. तिथे त्यांची पिशवी. आत मोठ्याने हसायचं नाही. केज आलं की आधी ते उतरून रस्ता पाहणार, मग पडदा सरकवणार. आमच्या कपड्यांना दुधाचा वास लागायचा आणि वर्गात आम्हाला "डेअरीवाल्या" म्हणायचे.

सगळ्यात गंमत त्यांच्या बोलण्याची. वयात आलेल्या मुलीशी बापाने थेट बोलू नये, असा त्यांचा काहीतरी हिशेब होता. घरी ते गयाकाकूंमार्फत बोलायचे आणि टेम्पोत माझ्यामार्फत. कोमल माझ्या शेजारीच, पण तात्या पुढून ओरडायचे, "शीतल, तिला इचार, डबा घेतलाय का?"

कोमल म्हणायची, "घेतलाय म्हण."

मी म्हणायची, "घेतलाय म्हणतेय, तात्या."

"चपाती का भाकर?"

इतक्या मध्यस्थीत डबा थंड व्हायचा, अशी कोमलची तक्रार होती.

लिंबाखाली बसण्यावरून कॉलेजातली मुलं त्यांना "सीसीटीव्ही" म्हणत. एकदा एक मुलगा गेटाशी जरा जास्तच घुटमळला. तात्यांनी हाक मारली, "इकडं ये. कोणाचा रं तू?" त्याने बापाचं नाव सांगितलं. मग आजोबांचं. मग मामाचं गाव. शेवटी तात्या म्हणाले, "तुझा आजा आन मी एका जत्रंत कुस्ती खेळलेलो. लई सरळ माणूस. त्याचा नातू असा हुबा राहत न्हाई." तो मुलगा नंतर गेटातून जाताना तात्यांना नमस्कार करू लागला. प्राचार्यांनी एकदा शिपायाकरवी त्यांना बोलावून विचारलं, रोज का बसता? तात्या म्हणाले, "तुमचं तुमी शिकवा, साहेब. मी आपला बसतो. माझी काय अडचण व्हायलीय का?"

इलेक्शनला ते तमाशा म्हणायचे. "घरंदाज माणसानं लांबून बघावा, आन मुकाट घरला यावं." आमच्या वॉर्डातली जागा कायम बिनविरोधच जायची. पारावर चारजण बसायचे, अण्णा नाव सांगायचे, नारळ फुटायचा. तात्याही त्या नारळाचं खोबरं घेऊन घरी यायचे.

ते बदललं ग्रामसभेत. पुढचा पावसाळा तोंडावर आला होता. ओढ्यात पाणी वाढलं की टेम्पोही निघत नसे, आणि ऐन परीक्षेत आमचे पेपर बुडायची भीती होती. तात्या आयुष्यात पहिल्यांदा सभेत उभे राहिले. चुलत्याने घरी येऊन सांगितलं ते असं. तात्या टोपी हातात घेऊन म्हणाले, "फरशीचं तेवढं बघा. एसटी चालू झाली पायजे. पोरीबाळींचे हाल व्हायलेत."

अण्णा हसले. म्हणाले, "तात्या, पोरीला काय कलेक्टर करायचं का? जीपगाड्या हायेत की गावाला."

"जीपमधी पोरी बसत न्हाईत."

"कावून न्हाई बसत? तुमच्याच पोरी का लाखाच्या? इतका कळवळा असंल तर हुबं राहा इलेक्शनला. निवडून या आन बांधा फरशी."

सगळी सभा हसली. तात्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "राहतो."

चुलता म्हणाला, तो शब्द त्यांच्या तोंडून कसा निघाला हे त्यांनाच कळलं नसावं. घरी येऊन ते बराच वेळ गोठ्यात बसून राहिले. पण माघार हा शब्द त्यांना येत नव्हता. बोललं म्हणजे बोललं. इलेक्शन लागल्यावर त्यांनी केजला जाऊन फॉर्म भरला. वॉर्डात समोर अण्णांचा पुतण्या, जीपवाला.

आधी त्यांना समजावायला माणसं आली. मग म्हशीच्या गोठ्याचं अतिक्रमण निघालं. तात्या हलले नाहीत. आणि मग एक दिवस गावात ती गोष्ट फिरू लागली.

ती कोणी सुरू केली ते मला माहीत नाही. मोठ्याने कोणी म्हटलं नाही. पिठाच्या गिरणीवर, हापशावर, फक्त एवढंच: "पडदा कशाला लागतो? आत काय चालतं कोणाला दिसतं? दिवसभर केजला म्हातारा काय करतो?" बस. यापुढचं ज्याने त्याने आपल्या मनाने लावून घ्यायचं.

आमच्या अब्रूसाठी लावलेल्या पडद्यानेच आमच्या अब्रूवर बोट आणलं होतं. तात्यांना हे सुचणंच शक्य नव्हतं. झाकलं म्हणजे राखलं, एवढंच त्यांना ठाऊक.

मुली एकेक करत कमी झाल्या. कोणाला ताप, कोणाकडे पाहुणे. टेम्पोत जागा मोकळी दिसू लागली. तात्या प्रत्येक दारापुढे हॉर्न वाजवायचे, थांबायचे, आणि काही न विचारता पुढे जायचे. पुढून "डबा घेतलाय का" हेही विचारणं बंद झालं.

फॉर्म मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी चुलती मला म्हणाली, "आज जाऊ नकू. लोक काय काय बोलायलेत. तुझी आई आल्यावर मी काय सांगू?" मला तिला उलट बोलता आलं नाही. मी फक्त सांगायला म्हणून तात्यांकडे गेले, की मी येत नाही.

टेम्पो अंगणात उभा होता. दुधाचे कॅन चढवलेले. ओसरीवर अण्णांचा माणूस बसला होता, चहाची कपबशी तशीच पुढ्यात. तो म्हणत होता, "दुपारी तीनपर्यंत टाइम हाय. तुमी फारम काढा, तात्या. सांजेला समदं बोलणं बंद. अण्णांचा शब्द हाय. तुमच्या पोरीला उद्या स्थळं यायची का न्हाईत?"

तात्या खांबाला टेकून बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. टोपीशिवाय मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. खूप म्हातारे दिसले. मी म्हणायचं ते म्हणू शकले नाही. तुळशीपाशी उभी राहिले.

तो माणूस उठून गेला. जाताना म्हणाला, "मी पारावर हाय. केजला जोडीनंच जाऊ."

तात्या सवयीने चुलीपाशी असलेल्या गयाकाकूंना म्हणाले, "अगं, तिला म्हण..." आणि थांबले. मग मान वळवून दारात उभ्या असलेल्या कोमलकडे पाहिलं. "कोमल," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून तिचं नाव ऐकलं नव्हतं. "काढू का फारम?"

कोमलच्या हातात डबा होता. ती म्हणाली, "काढला तर लोक म्हणतील, खरं होतं म्हणून काढला."

"आन ठिवला तर?"

"ठेवला तर आज म्हणायलेत तेच म्हणतील." तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "पण मग मी कॉलेजला तरी जाईन, दादा." बापाला ती दादा म्हणायची.

तात्यांनी टोपी उचलली आणि परत गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, काढणार. माझं पुढचं सगळं त्या टोपीवर अडकून पडल्यासारखं मला झालं.

तेवढ्यात गयाकाकू चुलीपाशी होत्या त्या उठल्या. कमी बोलणारी बाई. पारावरून जाताना पदर नाकापर्यंत ओढून, भिंतीच्या कडेकडेने जायची. नवऱ्याच्या मागे चार पावलं चालायची, शेजारी कधीच नाही. त्या सरळ टेम्पोमागे गेल्या आणि लुगड्याचा पडदा एका हिसक्यात ओढून काढला. दोरी तुटली. पडदा त्यांनी गुंडाळून काखेत घेतला.

"गया," तात्या उठून टेम्पोपाशी येत म्हणाले, "हे काय करायलीस?"

"बघू द्या लोकांला. दुधाचे कॅन हायेत आन पोरी हायेत. दुसरं काय हाय?" मग त्या पुढे आल्या, पुढचं दार उघडलं, शीटवरची पिशवी उचलून तात्यांच्या हातात दिली आणि स्वतः वर चढून बसल्या. "एक पोरगी झाकून ठिवली आन झाकूनच दुसऱ्याच्या घरी दिली. आशा अजून माझ्याकडं मान वर करून बघत न्हाई. ही न्हाई देणार मी तशी. चला."

तात्या पिशवी घेऊन तसेच उभे राहिले. मग टोपी घातली आणि गाडीत बसले. पिशवी मांडीवर घेतली, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

कोमल मागे चढली. तिने माझ्याकडे हात पुढे केला. मी येत नाही म्हणून सांगायला गेले होते आणि मी चढले.

पडदा नसलेल्या टेम्पोत बसून गावातून जायला किती वेळ लागतो, ते त्या दिवशी कळलं. वारा तोंडावर येत होता. गिरणीवरच्या बायका बघत होत्या. तात्यांनी प्रत्येक दारापुढे नेहमीसारखा हॉर्न वाजवला. एका दारातून आमच्या वर्गातली सुवर्णा आली, तिची आई मागून तिचा हात धरून, अगदी चिकटून. गयाकाकूंना पुढे पाहून आईने हात सोडला. बाकीची दारं लागलेलीच राहिली.

पारावर अण्णा, तो माणूस, आणि नेहमीचे सगळे. तात्यांनी गाडी हळू केली. पार आला की हळू करायची त्यांची रीतच होती. अण्णा हसून म्हणाले, "काय तात्या, आज वहिनीला घेऊन? फारम काढायला का?"

तात्या खाली उतरून बोलले असते. पण गयाकाकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला, तोंडावर नाही, फक्त डोक्यावर, आणि म्हणाल्या, "काढायला न्हाई, भाऊजी. ठिवायला."

पारावर कोणी हसलं नाही.

तरीही आम्हाला खात्री नव्हती. तात्या तहसीलला गेले होते आणि तिथे अण्णांची माणसं असणारच होती. तास चालू होता आणि मी खिडकीतून लिंबाकडे बघत होते. तात्यांच्या जागी पहिल्यांदा तात्या नव्हते. तिथे गयाकाकू बसल्या होत्या, काखेत ते लुगडं, तोंड गेटाकडे. तीन वाजून गेले. सुवर्णाने वहीवर "काय झालं असेल?" असं लिहून सरकवलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा तात्या रस्त्याने येत होते, हातात चिठ्ठी, तोंड पार उतरलेलं. कोमलने माझा दंड घट्ट धरला.

तात्या आले. पाणी प्यायले. मग कोमल समोर उभी असताना माझ्याकडे बघून म्हणाले, "शीतल, तिला सांग... चिन्ह शिट्टी आलीय."

आम्हाला आधी कळेना. मग गयाकाकूच पदर तोंडाला लावून हसू लागल्या. तात्या वैतागून म्हणाले, "हसायला काय झालं? मी साहेबाला म्हणलं, मी पोरीचा बाप हाय, मला कपबशी द्या, छत्री द्या. साहेब म्हणतो, चिठ्ठी निघाली ती निघाली."

त्यांचा प्रचार शिट्टी न वाजवता झाला. कार्यकर्त्याने शिट्टी तोंडाला लावली की ते ती काढून घ्यायचे. घरोघर जायचे, पण उंबऱ्याच्या अलीकडे थांबायचे, पाठ फिरवून खाकरायचे आणि विचारायचे, "घरात कोणी न्हाई का?" म्हणजे पुरुषमाणूस. नसला की परत. एकदा सुवर्णाची आई आतून म्हणाली, "तात्या, आमी कोणी न्हाई का? मत आमालाबी हाय." त्यानंतर गयाकाकू घरात जाऊ लागल्या आणि तात्या बाहेर उन्हात. आत काय बोलणं व्हायचं ते त्यांना कधी कळलं नाही. पण टेम्पोची फळी हळूहळू परत भरत गेली. पडदा मात्र पुन्हा लागला नाही.

मोजणीच्या दिवशी सगळं गाव तहसीलला होतं. आमचा तास होता, म्हणून तात्या लिंबाखाली होते. अर्ध्या तासातच हलगी ऐकू आली. खिडकीतून दिसलं, पोरं गुलाल उधळत रस्त्याने धावत येत आहेत, आणि तात्या उठून दोन्ही हात वर करून त्यांना थांबवताहेत. ते काय म्हणाले ते आम्हाला त्या पोरांनीच नंतर सांगितलं: "हलगी बंद करा. आत तास चालू हाय."

"तात्या, निवडून आलाव तुमी! चला, गाडीवर बसा."

"येतो की. तास सुटू द्या."

बेल झाली आणि आम्ही बाहेर आलो तेव्हा गुलालात माखलेली ती सगळी पोरं रस्त्याच्या कडेला ओळीने, गुपचूप बसलेली होती. तात्यांच्या कपाळावर गुलालाचं एकच बोट होतं. ते म्हणाले, "पोरींच्या अंगावर गुलाल उडवायचा न्हाई, आधीच सांगतो," आणि टेम्पोचं मागचं दार उघडलं.

फरशी व्हायला पुढे बरीच पळापळ झाली. तात्या पिशवी घेऊन कचेऱ्यांच्या बाहेर बसायचे, लिंबाखाली बसायचे तसेच, तोंड दाराकडे करून. शेवटी फरशी झाली आणि एसटी आली.

मी एमएसाठी संभाजीनगरला निघाले त्या सकाळी एसटीत बसले, तर तात्या सगळ्यात मागच्या शीटवर. मी विचारलं, "तात्या, कुठं निघालाव?"

"कुठं न्हाई. गाडी टायमावर चालती का बघतो."

पुढे नव्या मुली बसल्या होत्या, ज्यांनी तो टेम्पो पाहिलाही नव्हता. मोठमोठ्याने हसत होत्या. एकीने खिडकीतून हात बाहेर काढला होता. तात्या माझ्याकडे झुकून म्हणाले, "शीतल, तिला म्हण, हात आत घी."

मी म्हटलं, "तुमीच सांगा की. मेंबर हाव तुमी."

ते खाकरले. दोनदा. मीच उठून त्या मुलीला सांगितलं.

केजला कॉलेजपाशी मुली उतरल्या. त्या गेटातून आत जाईपर्यंत तात्या दारात थांबले, मग सावकाश खाली उतरले. त्यांना तिथे काही काम नव्हतं. कोमल तर तेव्हा बीडला नर्सिंगला होती. माझी बस पुढे निघाली. मी मागच्या काचेतून पाहिलं. त्यांनी रस्ता ओलांडला, टोपीने लिंबाखालची माती झटकली, आणि त्या गुळगुळीत जागेला पाठ टेकवून बसले. पिशवी मांडीवर. तोंड गेटाकडे.